मधुमेह : उपचारांची शंभर वर्षें
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सव हा मोजदादीचा प्रसंग असतो. किती वर्षें लोटलीं, किती बाप्तिस्मे झाले, किती लग्नें लागलीं, किती जणांस आपण मातीआड केलें, हें अशा वेळीं धर्मग्रामाच्या वह्यांतून काढून पाहिलें जातें. आज मजकडे जें काम सोंपविलें आहे तेंहि एका मोजदादीचेंच आहे. एका रोगानें गांठलेल्या माणसास पूर्वीं किती वर्षें मिळत असत आणि आतां किती मिळूं शकतात, ही ती मोजदाद होय. तो रोग म्हणजे मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकारानें झालेली जी मोठी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्याप्रमाणें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हां हा विषय येथें बसलेल्या कोणासहि परका वाटूं नये.

ह्या रोगाचें नांवच त्याची जुनी ओळख सांगतें. मधुमेह म्हणजे मधासारखें गोड मूत्र. रोग्याच्या मूत्रास मुंग्या लागतात ही गोष्ट आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथकारांच्या दृष्टींतून सुटली नव्हती. सुश्रुतानें तर रोगाचे दोन प्रकारहि सांगितले. एक जन्मासोबत आलेला, ज्यांत रोगी कृश होत जातो. दुसरा अपथ्यानें ओढवलेला, जो बहुधा स्थूल माणसास होतो. आज आपले डॉक्टर 'टाइप १' व 'टाइप २' असे जे शब्द वापरतात, त्यांच्याशीं ही विभागणी किती जुळते पाहा. सुश्रुतानें सांगितलेला उपचारहि ऐकण्यासारखा आहे. निर्धन रोग्यानें पायांत वाहणा न घालतां, भिक्षा मागून मिळेल तें खात, एका गांवीं एकच रात्र राहून शंभर योजनें चालत जावें. किंवा विहीर खणावी. उपचार कठोर खरा, परंतु त्यांतील मर्म, म्हणजे मित खाणें आणि पुष्कळ कष्ट करणें, आजहि खोटें ठरलेलें नाहीं. वाहणा टाकण्याचा भाग तेवढा आपण टाकून द्यावयाचा आहे. त्याचें कारण पुढें येईल.

पुढें कित्येक शतकें ह्या ज्ञानांत फारशी भर पडली नाहीं. १८८९ सालीं जर्मनीच्या ताब्यांतील स्ट्रासबुर्ग येथें मेरिंग व मिन्कोव्स्की ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्या कुत्र्यास मधुमेह झाला. रोगाचें मूळ जठरामागें असलेल्या ह्या ग्रंथींत आहे हें त्यावरून सिद्ध झालें. परंतु मूळ कळलें म्हणून उपाय हातीं लागला असें नव्हे. त्यानंतर तीस वर्षें उपाय एकच होता, तो म्हणजे उपासमार. अमेरिकेंतील डॉ. ॲलन ह्यांच्या पद्धतीप्रमाणें मुलांस इतकें थोडें अन्न देत कीं मूत्रांतील साखर नाहींशी व्हावी. साखर नाहींशी होई, पण मूलहि वाळून जाई. ज्या मुलास हा रोग जडला त्याचें आयुष्य महिन्यांत मोजावें, फार तर एक-दोन वर्षांत मोजावें, अशी स्थिति होती. आईबापांनीं आपल्या लेंकराच्या हातांतून भाकरी काढून घ्यावी आणि त्यालाच उपचार म्हणावें, ह्यापेक्षां दारुण तें काय?

ह्या अंधारांत प्रकाश आला तो कॅनडांतील टोरोंटो शहरांतून. १९२१ च्या उन्हाळ्यांत तेथील विद्यापीठांत प्रा. मॅक्लाउड ह्यांच्या प्रयोगशाळेंत फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यवैद्य व चार्ल्स बेस्ट हा त्याचा विद्यार्थी-सहाय्यक ह्यांनीं कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढून तो मधुमेही कुत्र्यांस टोंचला. कॉलिप ह्या रसायनशास्त्रज्ञानें तो अर्क शुद्ध करण्याची रीति शोधली. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉम्पसन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास पहिली सुई दिली गेली. ती साधली नाहीं. २३ जानेवारीस अधिक शुद्ध अर्क दिला, आणि मरणाच्या दारांत असलेला मुलगा परत फिरला. तो पुढें तेरा वर्षें जगला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें एलिझाबेथ ह्यूज ह्या मुलीस इन्सुलिन सुरू झालें. त्या वेळीं पंधरा वर्षांची होत आलेल्या ह्या मुलीचें वजन अवघें ४५ पौंड, म्हणजे सुमारें २० किलो होतें. तिचें लग्न झालें, तिला मुलें झालीं, आणि १९८१ सालीं, म्हणजे सुमारें अठ्ठावन्न वर्षांनंतर तिचा मृत्यु झाला. १९२३ सालीं बँटिंग व मॅक्लाउड ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं त्याची रक्कम बेस्ट व कॉलिप ह्यांच्याशीं वांटून घेतली. शोधाच्या पेटंटचे हक्क बँटिंग, बेस्ट व कॉलिप ह्यांनीं विद्यापीठास प्रत्येकीं एका डॉलरास देऊन टाकले. ज्या औषधावर लेंकरांचे प्राण अवलंबून आहेत त्याचा व्यापार करूं नये, ही त्यांची वृत्ति होती. ती आपण विसरतां कामा नये, कारण आज जगांत कित्येक ठिकाणीं किमतीमुळेंच हें औषध रोग्यास मिळत नाहीं.

परंतु इन्सुलिन मिळालें म्हणून आयुष्य सुखाचें झालें असें कोणी समजूं नये. तें बैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. कांचेची पिचकारी व जाड सुई रोज पाण्यांत उकळावी लागे, आणि सुई बोथट झाली कीं दगडावर घांसून धार लावावी लागे. मूत्रांत साखर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं परीक्षानळींत बेनेडिक्टचें निळें द्रावण घेऊन त्यांत मूत्राचे आठ थेंब टाकून तें उकळीत. निळा रंग राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा व शेवटीं विटेसारखा लाल रंग आला कीं साखर वाढली असें समजत. आपल्या वडीलधाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं ही नळी घरांत पाहिली असेल. ह्या परीक्षेचा मोठा दोष असा कीं रक्तांत साखर फार वाढल्याशिवाय ती मूत्रांत उतरत नाहीं, आणि साखर धोक्याइतकी उतरली असतां तर ही नळी कांहींच सांगत नाहीं.

पुढील सुधारणा थोडक्यांत सांगतों. १९३६ सालीं डेन्मार्कमध्यें हागेडोर्न ह्यांनीं इन्सुलिनचा परिणाम अधिक वेळ टिकेल अशी युक्ति काढली, आणि १९४६ च्या सुमारास तीच अधिक सुधारून आली. १९४२ सालीं फ्रान्सच्या माँपेलिए शहरांत विषमज्वराच्या रोग्यांस एक गंधकयुक्त औषध देत असतां त्यांची रक्तांतील साखर उतरते असें आढळलें. त्यावरून १९५५ च्या सुमारास मधुमेहाच्या पहिल्या गोळ्या प्रचारांत आल्या. १९५७ सालीं पॅरिसमध्यें डॉ. स्टेर्न ह्यांनीं मेटफॉर्मिनचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. गॅलेगा नांवाच्या एका रानटी वनस्पतींतील द्रव्यावरून ह्या औषधाची कल्पना निघाली. आज टाइप २ च्या पुष्कळ रोग्यांस पहिली गोळी मिळते ती हीच.

१९५५ सालीं इंग्लंडांत सँगर ह्यांनीं इन्सुलिनची रचना उलगडली. १९७८ सालीं सूक्ष्म जंतूंकडून मानवी इन्सुलिन करवून घेण्यांत शास्त्रज्ञांस यश आलें, व १९८२ सालीं अमेरिकेंत तें विक्रीस आलें. जनावरांच्या स्वादुपिंडावरील परावलंबन तेव्हांपासून संपत गेलें. आपल्या महाराष्ट्रासहि ह्यांत वाटा आहे. २००३ सालीं वोक्हार्ट ह्या भारतीय कंपनीनें, तेव्हां औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपति संभाजीनगर येथून, स्वतः तयार केलेलें मानवी इन्सुलिन बाजारांत आणलें. समुद्रापलीकडून येणारी वस्तु आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत होऊं लागली.

औषधांबरोबर मोजण्याचीं साधनेंहि बदललीं, आणि माझ्या मतें हा बदल औषधांइतकाच मोठा आहे. १९७० च्या सुमारास बोटाच्या थेंबभर रक्तांतील साखर मोजणारें यंत्र आलें. तें प्रथम दवाखान्यापुरतें होतें. पुढें तें खिशांत मावेल इतकें लहान झालें. १९६८ सालीं तेहरान येथील सॅम्युएल रहबर ह्यांच्या निरीक्षणावरून ती परीक्षा निघाली, जिला आज आपण 'एचबीएवनसी' म्हणतों. ती मागील दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांगते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं दोन दिवस गोड सोडून कोणास यश दाखवितां येत नाहीं, हा तिचा गुण. ह्या साधनांमुळेंच १९९३ सालीं अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रोग्यांवर केलेल्या अभ्यासांतून, आणि १९९८ सालीं इंग्लंडांतील ५,००० हून अधिक रोग्यांच्या अभ्यासांतून हें निर्विवाद ठरलें कीं साखर ताब्यांत ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडें व मज्जातंतु ह्यांची हानि पुष्कळ टळते. रक्तदाब ताब्यांत ठेवणेंहि तितकेंच महत्त्वाचें ठरलें. तोंपर्यंत ही केवळ श्रद्धा होती. आतां तो पुरावा झाला.

अलीकडील पंधरा-वीस वर्षांत आलेल्या औषधांपैकीं दोहोंचाच उल्लेख करतों. एक प्रकार असा कीं जो मूत्रपिंडांकडून जास्तीची साखर मूत्रावाटे बाहेर टाकवितो. ज्या गोड मूत्रास हजारों वर्षें रोगाचें लक्षण मानलें, तेंच आतां उपचाराचा मार्ग झालें! ह्या औषधांपैकीं एकानें हृदयविकार असलेल्या मधुमेह्यांचे मृत्यु कमी होतात असें २०१५ सालीं दिसून आलें. दुसरा प्रकार आंतड्यांतील एका स्रावाचें अनुकरण करणाऱ्या सुयांचा. त्यांतील कांहीं आठवड्यांतून एकदांच घ्याव्या लागतात, व त्यांनीं भूक आणि वजनहि कमी होतें. हीं औषधें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं आहेत. शेजाऱ्यास गुण आला म्हणून दुकानांतून आणून घेण्याचीं तीं नव्हत.

आतां कोणी विचारील, पूर्वीं श्रीमंताचा व लठ्ठ माणसाचा समजला जाणारा हा रोग आपल्या शेतकऱ्यास, मजुरास कसा होतो? ह्याचें उत्तर शोधण्यांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांचें कार्य जगमान्य आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर मातांचा व त्यांच्या मुलांचा त्यांनीं अभ्यास केला. इंग्लंडांतील बाळांपेक्षां आपलीं बाळें वजनानें पुष्कळ कमी असतात, परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानानें कमी नसते. हाडमांस तेवढें कमी असतें. २००४ सालीं त्यांनीं व इंग्लंडांतील प्रा. युडकिन ह्यांनीं आपलें दोघांचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच होतें. परंतु इंग्रज गृहस्थांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरसाहेबांच्या शरीरांत २१.२ टक्के निघाली. तात्पर्य, दिसावयास सडपातळ असलेला आपला माणूस आंतून सडपातळ असेलच असें नाहीं. आणि मधुमेहाचें बीज पुष्कळदां आईच्या उदरांतच पडतें. म्हणून घरांतील सुनेच्या व लेकीच्या पोषणाकडे लक्ष देणें हा पुढच्या पिढीच्या मधुमेहावरील उपचारच आहे. सर्वांची जेवणें झाल्यावर उरेल तें तिनें खावें, ही रीति आपण मोडली पाहिजे.

आहाराचें महत्त्वहि फिरून सिद्ध झालें आहे. २००६ सालीं चेन्नईच्या डॉक्टरांनीं दाखविलें कीं उंबरठ्यावरील माणसांनीं खाणें व चालणें सुधारलें तर रोग होण्याचा धोका चतुर्थांशाहून अधिक कमी होतो. २०१७ सालीं ब्रिटनमध्यें असें आढळलें कीं मधुमेह होऊन फार वर्षें न झालेल्या वजनदार रोग्यांनीं देखरेखीखालीं वजन पुष्कळ उतरविलें, तर जवळजवळ निम्म्यांची साखर वर्षभरानें औषधांशिवाय ताब्यांत होती. आपल्या जिल्ह्यांतील नागली व बाजरी हीं चांगलीं धान्यें आहेत. परंतु नागलीची म्हणून चार भाकरी खाल्ल्या तरी चालतें, हा समज चुकीचा आहे. धान्य कोणतेंहि असो, परिमाण हवेंच. द्राक्षांच्या हंगामांत व नाताळच्या करंज्यांच्या वेळींहि हें लक्षांत असावें.

बंधुभगिनींनो, शास्त्रानें एवढी मजल मारली असतां आपल्या घरांतील माणसें अद्याप ह्या रोगानें दृष्टि कां गमावतात, पाय कां गमावतात, आणि कांहीं मुलें अजूनहि कां दगावतात? ह्याचें उत्तर प्रयोगशाळेंत नाहीं. तें आपल्या घरांत व आपल्या मनांत आहे. म्हणून शेवटीं चार गोष्टी स्पष्ट बोलतों.

पहिली गोष्ट भीतीची. "इन्सुलिन लागलें म्हणजे माणूस संपला," असें पुष्कळ घरांत बोललें जातें. सत्य ह्याच्या उलट आहे. इन्सुलिननें माणूस संपत नाहीं; तें वेळेवर न मिळाल्यानें संपतो. टाइप १ च्या मुलास तर तें अन्नपाण्यासारखें आहे. कोणी काढ्याच्या, झाडपाल्याच्या किंवा केवळ प्रार्थनेच्या भरवंशावर मुलाची सुई बंद करवूं म्हणेल, तर त्याचें ऐकूं नका. प्रार्थना अवश्य करा, आणि सुईहि द्या. ज्यानें आपणांस बुद्धि दिली त्यानेंच हें औषधहि मनुष्याच्या हातीं दिलें आहे.

दुसरी गोष्ट लपविण्याची. मुलीस हा रोग असला कीं लग्न होणार नाहीं ह्या धाकानें तो झांकून ठेवतात. मग ती सासरीं चोरून सुई घेते, किंवा घेतच नाहीं. टाइप १ ची मुलगी योग्य देखरेखीखालीं शिकूं शकते, नोकरी करूं शकते, संसार करूं शकते, निरोगी मुलांची आई होऊं शकते. ज्या घरीं ती सून म्हणून जाईल त्या घरास हें आधीं सांगावें, आणि ज्या घरास सांगितलें जाईल त्या घरानें तिला मानानें घ्यावें. गरीब मुलांसाठीं आपल्या राज्यांत काम करणारे लोकहि आहेत. नागपूर येथें डॉ. शरद पेंडसे ह्यांच्या ड्रीम ट्रस्टनें १९९५ पासून अशा मुलांस इन्सुलिन पुरविण्याचें व्रत घेतलें.

तिसरी गोष्ट उपवासाची. ही आपल्या धर्माचरणाशीं निगडित आहे म्हणून येथें सांगणें माझें कर्तव्य समजतों. पूर्वीं ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यास मध्यरात्रीपासून पाणीहि वर्ज्य असे. सकाळीं इन्सुलिन घेणाऱ्या माणसास हें किती कठीण पडत असेल! १९५३ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं पाण्यानें उपवास मोडत नाहीं असें ठरविलें. १९५७ सालीं अन्नासाठीं तीन तासांची मर्यादा घातली. १९६४ सालीं पोप सहावे पॉल ह्यांनीं ती एका तासावर आणली. आणि १९८३ च्या धर्मनियमांप्रमाणें वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे ह्यांस तो एक तासहि बंधनकारक नाहीं. राखेचा बुधवार व पवित्र शुक्रवार ह्या दिवसांचा उपवासहि आजाऱ्यावर लादलेला नाहीं. तेव्हां सुई घेऊन उपाशी राहणें ही भक्ति नव्हे. घाम सुटला, हात कांपूं लागले, डोळ्यांपुढें अंधारी आली, कीं प्रार्थना चालू असली तरी तीन चमचे साखर पाण्यांतून घ्यावी. पंधरा मिनिटांनीं बरें न वाटल्यास पुन्हा घ्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं घालूं नये. त्यास ताबडतोब इस्पितळांत न्यावें.

चौथी गोष्ट पायांची व औषध सांभाळण्याची. जुन्या मधुमेह्याच्या पायांची संवेदना जाते. कांटा रुतला तरी कळत नाहीं, जखम चिघळते, आणि शेवटीं पाय कापावा लागतो. म्हणून यात्रेंत अनवाणी चालण्याचा नवस अशा माणसानें करूं नये. केला असेल तर फादरांस विचारून त्याऐवजीं दुसरें कांहीं सत्कर्म करावें. रोज रात्रीं तळपाय पाहावेत. वर्षांतून एकदां डोळे व मूत्रपिंडें तपासून घ्यावींत. इन्सुलिन शीतकपाटांत ठेवावें, पण बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. ज्यांच्याकडे शीतकपाट नाहीं त्यांनीं बाटली कोरड्या डबींत बंद करून मातीच्या माठांत ठेवावी. आणखी एक सावधगिरी: आपल्याकडे बाटलींतील इन्सुलिन बहुधा ४० युनिटचें, तर पेनमधील १०० युनिटचें असतें. दोहोंच्या पिचकाऱ्या वेगळ्या आहेत. औषध ४० चें असेल तर पिचकारीहि ४० चीच घ्यावी. अदलाबदल झाली तर मात्रा चुकते आणि जीवावर बेततें.

ह्या महोत्सवाची आठवण म्हणून आपण कांहीं करूं इच्छित असाल तर माझी सूचना लहानशीच आहे. महिन्यांतून एका रविवारीं मिस्सा संपल्यावर अर्धा तास येथें रक्तांतील साखर व रक्तदाब तपासण्याची सोय करावी. आपल्यांत परिचारिका आहेत, त्या हें काम आनंदानें करतील. ज्याची साखर वाढलेली निघेल त्यास सरकारी आरोग्य केंद्राची वाट दाखवावी; तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी तेथें व्हावी असें सरकारचेंच धोरण आहे. आणि ज्या घरीं इन्सुलिन घेणारें मूल आहे, त्या घराच्या पाठीशीं चार घरांनीं उभें राहावें.

अमेरिकेंतील जॉस्लिन ह्या मधुमेहाच्या प्रख्यात संस्थेनें १९७० पासून, मधुमेहासह पन्नास वर्षें पुरीं केलेल्या रोग्यांस पदक देण्याची प्रथा चालविली. ज्या रोगांत आयुष्य महिन्यांत मोजीत, त्याच रोगांत माणसें सुवर्णमहोत्सव करूं लागलीं. आपल्या धर्मग्रामांतील जें मूल आज पहिली सुई घेत असेल, त्यानेंहि आपल्या पन्नास वर्षांचा हिशेब एक दिवस ह्याच मंदिरांत उभें राहून द्यावा, आणि त्या दिवशीं त्याच्या शेजारीं त्याचीं नातवंडें असावींत, एवढीच परमेश्वरचरणीं प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.